सूपभर कोंड्याची पोर

सकाळी नऊच्या सुमाराला, आळीत सगळीकडे हातोड्या वाजायला लागल्या होत्या तेव्हा, मी आमच्या ओटीवर समोरासमोर दोन पाट मांडले आणि मध्ये सूप ठेवलं. सुपात चार मुठी तांदूळ, एक नारळ आणि हिरवा खण. पोटची पोर परत विकत घ्यायची म्हणजे एवढं सामान लागतं, असं सासूबाईंनी जाण्याआधी मला सांगून ठेवलं होतं.

पोर पाच वर्षांची होती. न्हाऊनमाखून, नवं परकर-पोलकं घालून ती माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या कमरेला बिलगून दारात उभी होती. जाऊबाईंचं नाव सगुणा. त्याही ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. डोळे मात्र लाल झालेले. ते पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. पाच वर्षं मी त्याचीच वाट पाहत होते.

"काकी, मी कुठं बसू?" पोरीनं मला विचारलं.

मी तिची आई. पण ती मला काकी म्हणायची आणि जाऊबाईंना आई. असं का, ते आधी सांगायला हवं.

माझी पहिली तीन मुलं गेली. पहिला मुलगा. त्याचं बारसं आम्ही थाटात केलं. आम्ही तांबट, घरात भांड्यांना काय तोटा. सासऱ्यांनी आळीतल्या प्रत्येक घरी पितळेची नवी वाटी भरून घुगऱ्या पाठवल्या. नाव ठेवलं रघुनंदन. नऊ महिन्यांचा होऊन गेला. दुसरी मुलगी, कुमुदिनी. ती बावीस दिवस राहिली. तिसरा मुलगा बारशापर्यंतही पोचला नाही, बिननावाचाच गेला. बायका माझ्यादेखत बोलायच्या की इतकी फुलासारखी नावं ठेवल्यावर काळाची नजर जाणारच. मला राग यायचा. मग राग ओसरला की वाटायचं, खरंच तसं असेल तर?

आमच्या आळीत तेव्हा तीन धोंडू होते, दोन दगडू, एक केरू आणि एक उकिरडा. सगळे कुणाच्या ना कुणाच्या मेलेल्या पोरांच्या पाठीवरचे. काळानं नावं वाचत यावं, या नावापाशी नाक मुरडावं आणि पुढच्या घरी जावं, एवढाच त्यातला डाव. आणि दगडू म्हणवून घेतलेली ती माणसं खरोखरच दगडासारखी ऐंशी-ऐंशी वर्षं टिकली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. परवा आमच्या शेजारच्या सुनेला मुलगी झाली. चार महिने ती मोबाईलवर नावं शोधत होती, जगात कुणाचं नाही असं हवं म्हणून.  आम्हीही शोधायचो, पण कुणालाच नको असेल असं नाव शोधायचो.

चौथ्या वेळी मला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. हे मूल द्वारकेचं, म्हणजे माझं, म्हणून वाढायचं नाही. ते विकायचं, आणि ज्या बाईची सगळी जगलीत तिनं ते घ्यायचं. तशी बाई शोधायला लांब जायला नको होतं. जाऊबाईंची पाच होती, पाचही खणखणीत. त्यांनी नावांचा कधी विचारही केला नव्हता; आजोबा-पणजोबांची नावं पडली होती तीच उचलून पोरांना लावली होती. "हाक मारायला काहीतरी लागतं म्हणून ठेवायचं," त्या म्हणायच्या. अशा बाईची पाच जगावी आणि माझी तीन जाऊ नयेत का, असं मी देवाला विचारायचे. प्रश्न नीट विचारला गेला नाही हे मला कळायचं, पण मनात तो असाच यायचा.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी सासूबाईंनी तिला परसातल्या केरावर एकदा लोळवली आणि सुपात घालून माझ्या पुढ्यात ठेवली. जाऊबाई मागच्या दारानं, परक्या बाईसारख्या आल्या. काय विकायला आहे, म्हणून त्यांनी विचारलं. मला शिकवून ठेवलं होतं तसं मी म्हटलं, केर आहे, घेतेस तर घे. त्यांनी सूपभर कोंडा माझ्या पदरात ओतला आणि पोर उचलली. कोंडा गाईनं खाल्ला. पोरीचं नाव घेणारणीनं ठेवायचं असतं. जाऊबाईंनी नाव ठेवलं भिकी.

त्या दिवसापासून ती त्यांची. दूध माझं, झोपायची माझ्या कुशीत, पण कुणी विचारलं की ही कुणाची, तर मी म्हणायचं, जाऊबाईंची. पहिलं अंगडं त्यांच्या धाकट्याचं जुनं. पहिला घास त्यांच्या ताटातला. बोलायला लागली तेव्हा त्यांना आई म्हणायला शिकवली आणि मला काकी. मीच शिकवली. शब्द तिच्या तोंडात बसेपर्यंत रोज शिकवत होते.

ही सगळी सोंगं पाच वर्षांपुरती होती. पाच वर्षं पोर टिकली की परत विकत घ्यायची, चांगलं नाव ठेवायचं, शाळेत घालायचं. ते चांगलं नाव माझ्याजवळ आधीपासून तयार होतं. पोटुशी असताना एकदा नवी आलेली मामलेदारीण पातेली घ्यायला आमच्या दुकानी आली होती. बरोबर तिची सात-आठ वर्षांची मुलगी, पायांत मोजे घातलेली. मुलगी भट्टीजवळ जायला लागली तशी ती बाई म्हणाली, "शैलजा, हात नको लावूस, तापलंय ते." मी आत दाराशी उभी होते. असं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्याकडे बायका म्हणजे गंगा, भागीरथी, मथुरा, द्वारका, नाहीतर ठकी आणि साळू. ते नाव मी तोंडात घोळवत चुलीपाशी गेले आणि कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

मी पोरीला भिकी म्हणून कधी हाक मारली नाही. एकदाही नाही. पोरी म्हणायचे, बाळा म्हणायचे. तिला न्हाऊ घालताना न्हाणीत आम्ही दोघीच असायचो, तेव्हा तिच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणायचे, शैलजा. ती मान आक्रसून हसायची आणि म्हणायची, "काकी, कानात पाणी गेलं."

आणि तिकडून परसातून हाक यायची. "भिके गंऽऽ."

ती हाक मी कशी सांगू. ते दरिद्री नाव जाऊबाईंच्या तोंडात गुळासारखं व्हायचं. भिके, भिकले, भिकूबाई. त्यांची पाच मोठी झाली होती, मांडी रिकामी होती, त्यात ही आयती पडली. हाक आली की पोर हातातला घास टाकून पळायची. अंगावर पीत असायची तेव्हा तोंड काढून पळायची. मी पदर सावरत तशीच बसायचे. दिवसातून किती वेळा ती माझ्याकडून तिकडे गेली आणि किती वेळा तिकडून माझ्याकडे आली, हे माझ्या मनात आपोआप नोंदलं जायचं. इतर बायका जपमाळ ओढतात तसं.

जाऊबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या मला म्हणायच्या, "तुझं रत्न आहे गं हे, मी नुसती राखण." आणि मला वाटायचं, राखणदारानं एवढं हसू नये.

तिसऱ्या वर्षी तिला गोवर आला. सासूबाईंनी मला खोलीत येऊ दिलं नाही. आईची सावली नको म्हणाल्या. जाऊबाई नऊ दिवस तिला मांडीवर घेऊन बसल्या, अंगाखाली कडुलिंबाचा पाला, वर धुवट लुगडं. मी उंबऱ्याशी बसून देवाजवळ दोन गोष्टी मागत होते. एक, पोर जगू दे. दुसरी, शुद्धीवर आली की तिनं काकी कुठंय म्हणून विचारू दे. देवानं पहिली ऐकली. डोळे उघडून पोर म्हणाली, "आई, पाणी." आणि जाऊबाईंनी तिला पाणी पाजलं.

सासूबाई पुढच्या वर्षी चैत्रात गेल्या. पुढं पोरीची पाच वर्षं भरली, जूनमध्ये शाळा सुरू व्हायची होती, आणि मी जोशीबुवांकडून मुहूर्त काढून आणला. मी चौथीपर्यंत शिकलेली. पंचांग, पत्रं, शाळेचे कागद, सगळं घरात मीच पाहायची. जाऊबाईंना अक्षर येत नव्हतं. मी सांगायचे आणि त्या बरं म्हणायच्या.

तर त्या दिवशी ओटीवर आम्ही दोघी समोरासमोर पाटांवर बसलो. आळीतल्या सात-आठ बायका आल्या होत्या. त्यांत आमच्या समोरच्या गोदाक्का होत्याच, त्यांच्यावाचून आळीत मांजरसुद्धा वीत नसे. पोर जाऊबाईंच्या मांडीवर.

मी विचारलं, बाई, हे काय विकायला आहे. यावर जाऊबाईंनी म्हणायचं होतं, तुझंच आहे, तुझं तुला घे. त्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. पोरीच्या वेणीचा शेंडा हातात घेऊन त्या तो पिळत बसल्या. गोदाक्कांनी मागून ढोसलं तेव्हा म्हणाल्या, "तुझंच आहे, बाई. घे." शब्द अर्धेच झाले, पण चालले.

मी सूप पुढं सरकवलं. आता नव्या नावानं हाक मारायची आणि पोरीनं तिकडून उठून माझ्या मांडीवर यायचं, की झालं. पाच वर्षं न्हाणीत कुजबुजलेलं नाव मी पहिल्यांदा चारचौघींत मोठ्यानं घेतलं.

"शैलजा."

पोर हलली नाही.

मी हात पुढं केले. "शैलजा, ये बाळा." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग जाऊबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझा आवाज चढला असावा, कारण ती आणखीच मागं रेलली.

"शैलजा कोण गं ही?" गोदाक्का म्हणाल्या. "आळीत नवी राहायला आली का?"

बायका हसल्या. माझ्या कानशिलांत ठोके पडायला लागले, दुकानातल्या हातोड्यांच्या वरताण. तेव्हा जाऊबाई पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत अगदी हळू म्हणाल्या, "भिके, जा. काकीकडे जा."

पोर लगेच उठली. मधलं सूप ओलांडून आली आणि माझ्या मांडीवर बसली. ताठ बसली, परक्याच्या घरी पाहुण्यासारखी. बायका म्हणाल्या, झालं बाई एकदाचं, गोड झालं. नारळ फोडला. मी हसत सगळ्यांना कुंकू लावलं. पण आत एकच गोष्ट जळत होती. माझी पोर माझ्याकडे आली ती त्यांच्या हाकेनं. त्यांनी पाठवली म्हणून.

बायका गेल्यावर जाऊबाई स्वयंपाकघरात विळीवर खोबरं खवत बसल्या. मी तांदूळ निवडत होते. त्या आता सावरल्या होत्या. म्हणाल्या, शाळेत काय ते शैलजा म्हणू देत, घरात भिकीच राहू दे, तिला सवय आहे. आणि त्यात काही चूक नव्हतं. सगळीकडे तसंच चालायचं. आळीतल्या एका धोंडूचं नाव शाळेत दत्तात्रय होतं, पण त्याची बायकोसुद्धा त्याला धोंडूच समजायची.

मी तांदळातून नजर वर न काढता म्हटलं, "घरातही चालायचं नाही. जोशीबुवांना विचारलंय मी."

"काय म्हणाले?"

"जिनं विकत घेतली, तिनं परत दिल्यावर जुनं नाव घ्यायचं नाही. तिच्या तोंडून ते निघालं की काळाला माग लागतो. पोर राहत नाही."

जोशीबुवा असलं काही म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडून असं सरळ आलं, जसं कुणी माझ्याकडून आधीच पाठ करून घेतलं होतं.

विळीचा आवाज थांबला. जाऊबाईंनी विचारलं, "कधीच नाही?"

"कधीच नाही."

"आणि मनातल्या मनात?"

मी विचार केल्यासारखं केलं. "मनातलं कुणाला कळतंय," मी म्हटलं.

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खवायला लागल्या.

आठवड्याभरानं मी पोरीला कन्याशाळेत घेऊन गेले. मुख्याध्यापिका बाईंनी टाक शाईत बुडवला, नाव विचारलं, आणि मी छाती काढून सांगितलं. बाईंनी टाक तसाच धरून वर पाहिलं. "ही चौथी," त्या म्हणाल्या.

पहिलीच्या वर्गात चार शैलजा होत्या, आणि माझी धरून चारही आमच्या नि शेजारच्या आळीतल्या. मला कळेना. मग हळूहळू उलगडलं. मामलेदारीण त्या दिवशी काही आमच्या एकट्याच्या दुकानी आली नव्हती. पातेली पाहत, भाव करत ती चार दुकानं फिरली होती, आणि प्रत्येक दाराआड एकेक पोटुशी बाई कान देऊन उभी होती. बाई एक पातेलं घेऊन गेली आणि आळीत नाव पेरून गेली. वर्गात माझीला बुटकी शैलजा म्हणायला लागले, ती सगळ्यांत ठेंगणी म्हणून. भिकी मात्र सगळ्या तालुक्यात ती एकटीच होती.

जाऊबाईंनी शब्द पाळला. माझ्यापेक्षा कितीतरी नीट पाळला. नवं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही, आणि जुनं त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. परसातून हाक येईनाशी झाली. काही हवं असलं तर आपल्या एखाद्या मुलाला म्हणायच्या, तिला बोलव रे. नाहीतर दारात येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. कधीकधी सवयीनं ओठ उघडायचे, आणि त्या पटकन पदर तोंडावर धरायच्या, खोकला आल्यासारखा. एकदा माझी नजर त्यांच्याशी भिडली तर त्या मला धीर द्यायला हसल्या. नाही निघालं हं तोंडून, अशा.

पोरीला नाती उलटी करायला महिना लागला. त्या महिन्यात ती दोघींनाही कशानं हाक मारत नव्हती. मग एक दिवस तिनं मला आई म्हटलं. मी त्या दिवशी शिरा केला. तो खाताना ती म्हणाली, "आई, मोठी काकी मला हाक का मारत नाही? तिचा माझ्यावर राग आहे का?"

खरं सांगायला ती वेळ चांगली होती. शिऱ्याची कढई मध्ये होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, त्यांना स्वतःची पाच आहेत, त्यांना कुठं वेळ. पोरीनं मान हलवली. त्यानंतर तिनं ते पुन्हा विचारलं नाही, आणि तिचं परसाकडे जाणंही कमी झालं.

म्हणजे मला हवं होतं ते सगळं मिळालं. पोर माझी झाली. तिच्या वेण्या मी घालायचे, तिची दुखणी मी काढायचे, परीक्षेचे निकाल तिनं आधी मला दाखवायचे. मी शैलजा म्हणून हाक मारली की ती लगेच यायची. पण ती कशी यायची, ते सांगते. वर्गात बाईंनी नाव वाचल्यावर मुलगी उभी राहते आणि हजर म्हणते ना, तशी. पळत नाही आली कधी.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा साताऱ्याचा, एसटीत नोकरीला. लग्न आमच्याच दारात मांडव घालून झालं. लक्ष्मीपूजनाला जावयानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं, अपर्णा. बायकांनी चांगलं आहे, चांगलं आहे म्हटलं. त्या साली ते नाव जोरात होतं.

पाठवणीच्या आधी मी आतल्या खोलीत तिची ट्रंक भरत होते. जाऊबाई आल्या. पन्नाशी उलटलेली, केस पांढरे झालेले. त्यांनी दार ओढून घेतलं आणि ट्रंकेच्या कडेला टेकल्या.

"द्वारके, एक विचारू? रागावू नकोस."

मी म्हटलं, विचारा.

"आता तिचं नाव तिसरं झालं. आडनाव बदललं, घर बदललं, गाव बदलतंय. आता काळानं शोधली तरी त्याला ती सापडायची नाही. होय ना?" त्या बोटांनी ट्रंकेची कडी वर-खाली करत होत्या. "मग आता एकदा हाक मारली तर चालेल का? एकदाच. जोशीबुवा तर गेले. तू शिकलेली आहेस, तूच सांग."

चौदा वर्षं. चौदा वर्षं त्यांनी ती हाक तोंडात धरून ठेवली होती आणि आता माझ्याकडे परवानगी मागत होत्या. त्या वेळी मी त्यांचे पाय धरायला हवे होते. सांगायला हवं होतं की जाऊबाई, कुणी काही म्हणालं नव्हतं, ते मी केलं. माझ्या मनात ते आलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "मारा." जणू परवानगी खरोखर माझीच होती.

त्या उठल्या. चेहरा असा झाला की मला बघवेना. दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागं, दाराच्या आड. ओटीवर पोर आमच्याकडे पाठ करून उभी होती, सासरच्या बायका तिच्या पदराला गाठ मारत होत्या, मांडवाबाहेर मोटार लागली होती.

जाऊबाईंनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा उघडलं, ओठ जुळले, आणि हात आपोआप पदराकडे गेला. त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती.

"नको गं," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवशी नको. तिला काही झालं तर?"

मग मी हाक मारली. त्या मारायच्या तशीच, शेवट लांबवून, परसातून मारतात तशी. ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा घेत होते.

"भिके गंऽऽ."

पोर गर्रकन वळली. मुंडावळ्या गालावर आपटल्या, पदराची गाठ सासूच्या हातातून सुटली. ती आमच्या दिशेनं चक्क पळत आली आणि उंबऱ्याशी जाऊबाईंच्या पुढ्यात येऊन थांबली.

"काय गं आई?" ती म्हणाली.

मी दाराआड होते. मी ओ दिली नाही.